गोमेचे पाय मोजताना

वळवाचा एक बरा पाऊस झाला की मृगाच्या आत उकिरडा उपसून शेणखत रानात टाकायचं, ही आमच्या परभणीकडची रीत. यंदा सुट्टीला आलेला भाचाही खोरं घेऊन हौसेनं उकिरड्यात उतरला. वरचा सुका थर निघाला, खालचं ओलं, काळं, भुसभुशीत खत लागलं आणि त्यातून नारिंगी रंगाचा, करगोट्याच्या दोऱ्याएवढा एक जीव वळवळत बाहेर आला. काकूनं पदर आधी कानावर ओढला आणि मग ओरडली, "गोम हाय रे ती! कानात शिरंल, मार तिला!"

भाच्यानं मारली नाही. सातवीतला पोर, मोबाईल खिशातच. काडीनं तिला स्टीलच्या ताटात घेतलं, आठ-दहा फोटो काढले आणि कडुनिंबाखाली बसून, फोटो मोठा करून पाय मोजायला लागला. पंधरा मिनिटांनी माझ्याकडं आला. "मामा, ४८ जोड्या. म्हंजे ९६ पाय."

"चुकलास. परत मोज."

"तू तर बघितलंबी नाही. तुला कसं कळलं?"

त्याचा प्रश्न रास्त होता. न बघता मी कशाच्या भरवशावर बोललो, ते सांगायला हा लेख.

आधी नावांचा गोंधळ निस्तरू, कारण आपल्या भीतीचं मूळ तिथंच आहे. दगड उचलल्यावर दिसणाऱ्या लांबुळक्या, बहुपायी जिवाला आपण सरसकट गोम म्हणतो. त्यातली बोटाएवढी जाड, तपकिरी-हिरवट, अंगावर धावून येईल असं वाटणारी ती घोण. ती चावते आणि चावली की रात्रभर झोप नाही. (घोणस म्हणजे साप, तो वेगळा. नावातल्या एका 'स'नं गावात किती धावपळ होते, ते मी पाहिलंय.) पावसाळ्यात सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपं कुरतडणारी, बोट लावलं की पैशासारखं वेटोळं करून पडणारी ती वाणी, तिलाच पैसा म्हणतात. ती गोम नाहीच. तिच्या अंगाच्या बहुतेक कप्प्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात आणि ती पालापाचोळा, झाडपाला खाते. गोमेच्या एका कप्प्याला एकच जोडी, आणि ती पक्की मांसाहारी.

आमच्या ताटातली होती ती तिसरीच, मातीतली गोम. शास्त्रात या गटाला 'जिओफिलोमॉर्फा' म्हणतात. जिओ म्हणजे भूमी, फिलोस म्हणजे प्रिय. भूमिप्रिय! बाराशेहून अधिक जाती जगभरात नोंदल्या गेल्यात. आपल्याकडं आढळणारा एक वंश 'मेसिस्टोसेफॅलस'. जॉर्ज न्यूपोर्ट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १८४३ मध्ये त्याला हे नाव दिलं, अर्थ 'लांब डोक्याची'. फिकट पिवळं-नारिंगी अंग आणि पुढं गडद तांबूस, लांबट डोकं, अशी साधारण ठेवण. आमचा पाहुणा बहुधा याच घरातला. जात नक्की सांगायची तर सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाचे भाग तपासावे लागतात, ते मोबाईलच्या फोटोवर भागत नाही.

आता पाय. गोमेला शास्त्राच्या पुस्तकात शतपाद म्हणतात, म्हणजे शंभर पायांची. पण गोमेला नेमके शंभर पाय कधीच नसतात. शंभर पाय म्हणजे ५० जोड्या, आणि ५० ही सम संख्या. वाढ पुरी झालेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या विषमच असतात. घरातल्या भिंतीवर सुसाट पळणाऱ्या, कोळ्यासारख्या लांब पायांच्या गोमेला १५. घोणीला २१ किंवा २३. घोणीच्या गटात २००८ मध्ये ब्राझीलमधून एक नवी जात नोंदली गेली, तिच्या जोड्या आपल्या घोणीच्या जवळपास दुप्पट, ३९ किंवा ४३. दुप्पट झाल्या तरी विषमच! मातीतल्या गोमांमध्ये हा आकडा २७ पासून थेट १९१ पर्यंत जातो. मधल्या २८, ३०, ५० या जागा मात्र रिकाम्या. जन्मजात व्यंगाचा एखादा अपवाद सोडला तर सम जोड्यांची गोम सापडत नाही. मेसिस्टोसेफॅलस वंशातल्या बहुतेक जातींत हा आकडा ४९ असतो आणि जातीतल्या साऱ्यांचा तोच. म्हणून पोरानं ४८ सांगितल्यावर मला ताटात बघायची गरज वाटली नाही.

विषमच का? इथं खरी गोम आहे. (हा शब्द मुद्दाम वापरलाय. घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या एका वळणालाही गोम म्हणतात आणि जाणकार घोडा घेताना आधी ती शोधतो.) मातीतल्या गोमेचं अंग अंड्यात असतानाच घडतं, पुढून मागं, एकामागून एक कप्पा पडत. युरोपात समुद्रकिनाऱ्यावरच्या गोट्यांखाली 'स्ट्रिगॅमिया मॅरिटिमा' नावाची मातीतल्या गोमेची बहीण राहते. तिच्या अंड्यांतल्या गर्भांवर चिपमन, आर्थर आणि एकम या तिघांनी २००४ मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं की बरेचसे कप्पे एकेक न पडता दोन-दोनच्या जोडीनं आखले जातात. बाया भाकरी थापताना एक तव्यावर आणि एक परातीत अशी जोडीजोडीनंच पुढं सरकतात ना, तसं काहीसं.

पोर म्हणेल, दोन-दोन तर सगळी बेरीज सम यायला पाहिजे. येतेच. फक्त पहिल्या कप्प्याचे पाय आपण पायांत धरत नाही. ते पाय चालण्याचं काम सोडून डोक्याखाली आले आणि विषाच्या नांग्या झाले. ४९ जोड्यांत ही एक मिळवली की ५० होतात. हिशेब जुळतो. अर्थात एवढ्यानं कोडं पुरतं सुटत नाही. त्याच स्ट्रिगॅमियाच्या गर्भात शेवटचे कप्पे एकेक करून पडतानाही दिसलेत, तरी शेवटची बेरीज विषमच राहते. निसर्ग एवढ्या काटेकोर शिस्तीनं मोजतो कशाच्या जोरावर, त्यावर अजून डोकेफोड चालू आहे.

त्या नांग्यांमुळं आणखी एक गंमत होते. गोम 'चावते' असं आपण म्हणतो, पण तोंडानं ती कुणालाच चावत नाही. सावजात जे घुसतं ते पायांचं टोक. त्या पायांच्या आत विषाची ग्रंथी आणि टोकाला बारीक छिद्र. प्राण्यांच्या जगात पहिल्या पायांचं असं विषारी हत्यार फक्त गोमांच्या कुळाकडं आहे. म्हणजे शब्दाला शब्द लावायचा तर गोम लाथ मारते.

मातीतल्या गोमेची ही लाथ माणसाच्या कातडीपुढं फारशी चालत नाही. नांग्या इतक्या लहान की बहुतेकींना आपलं कातडं भेदताच येत नाही. घोणीचं तसं नाही. घोण डसली तर जागा साबणानं धुवावी, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरावा, बऱ्याच जणांना त्यानं ठणका उतरतो. सूज चढत गेली, दम लागला, चक्कर आली किंवा चावा लहान लेकराला झाला तर घरगुती उपायात वेळ घालवू नये, दवाखाना गाठावा.

आणि कान. आमच्या काकूच्या पिढीत कानाशिवाय गोम नाही. या भीतीला अगदीच आधार नाही असंही नाही. मातीतल्या गोमेला आपलं अंग चहूबाजूंनी कशाला तरी टेकलेलं लागतं. उघड्यावर ती कासावीस होते आणि समोर दिसेल त्या फटीत शिरते. भुईवर वाकळ टाकून, माळवदाच्या घरात झोपणाऱ्या माणसाच्या अंगाखांद्यावरून एखादी जात असेल, त्यात नवल काय! माळवद म्हणजे अर्धा-पाऊण हात मातीचं छत. त्यातून विंचू पडतात, तिथून गोम का पडणार नाही? पण कानात तिच्या कामाचं काही नाही. तिथं ना तिचं खाणं, ना मातीची ओल. 'कानातून मेंदूत जाते' हे तर साफ खोटं, मध्ये पडदा असतो. कानातून काढाव्या लागणाऱ्या किड्यांत झुरळांचा नंबर फार वरचा आहे, पण झुरळाला बघून कुणी पदर कानावर घेत नाही. काही गेलंच, तर काडी, पिन, किल्ली घालू नये, डॉक्टरकडून काढून घ्यावं.

मातीतल्या गोमेला डोळे नसतात. अधू नव्हेत, मुळातच नाहीत. २०१४ मध्ये स्ट्रिगॅमियाचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. गोम आणि वाणी यांच्या अख्ख्या कुळातला तो पहिलाच. त्यात कळलं की प्राण्यांत प्रकाश टिपण्यासाठी जी ओळखीची जनुकं असतात, त्यातलं एकही हिच्याकडं उरलेलं नाही. दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारी नेहमीची जनुकंही गेली. कायम अंधारात राहणाऱ्याला दिवस काय आणि रात्र काय. तरीही उजेड पडला की ती पळते, हे आम्ही ताटात डोळ्यांनी पाहिलं. त्यातलं उन्हाला किती भ्यायली आणि तापलेल्या ताटाला किती, हे मला सांगता येणार नाही. पण उजेडाला टाळणं हे या गोमांचं नोंदलेलं वागणं आहे. ते डोळ्यांविना कशानं साधतं, ही गाठ सुटायची आहे.

डोळ्यांचं काम मिशा करतात. एकेका मिशीचे मणी, म्हणजे पेरं, मोजून १४, या गटात कुठल्याही जातीत तेवढेच. मिशांनी चाचपत, वास घेत ती मातीतल्या फटींतून पुढं सरकते. गांडुळांची पिलं, किड्यांच्या अळ्या, मऊ अंगाचा जो जीव पेलेल तो धरते, विष टोचते, पाचक रस सोडून त्याचं मऊ करते आणि पातळ झालेलं ओढून घेते.

हालचाल बघण्यासारखी. एवढे पाय एकमेकांत अडकत कसे नाहीत? रब्बीच्या ज्वारीवरून वारा गेला की पिकात लाट उठते, प्रत्येक धाट शेजारच्याच्या किंचित मागून वाकतं. पायांचंही तसंच. प्रत्येक पाय शेजारच्यापेक्षा क्षणभर पुढं-मागं असतो, म्हणून सगळे मिळून लाट दिसते. पण माती घट्ट लागली की पायांनी भागत नाही. मग ती गांडुळाची युक्ती वापरते. अंगाचा एक भाग आखडून जाड करायचा, त्यानं भोकाच्या कडांना रेटा द्यायचा, मग लांबवून डोकं पुढं घालायचं. घोणीचं अंग चिलखतासारखं ताठ, तिला हे जमत नाही. मातीतल्या गोमेच्या कप्प्यांमध्ये लवचीक कातडी असते, म्हणून तिला ताणता-आखडता येतं. आणि ती तितक्याच सहज उलटीही चालते. भोकात मागं वळायला जागा कुठं असते?

आता आपली माती. मराठवाड्याचं काळं रान तिच्यासाठी एकाच वेळी माहेर आणि सासर. गोमेच्या कातडीवर पाणी धरून ठेवणारा मेणाचा नीट थर नसतो आणि अंगावरची श्वासाची छिद्रंही तिला कीटकांसारखी मिटता येत नाहीत. कोरड्या हवेत ती पाहता पाहता सुकते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून वैशाखात आपल्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं ढेकूळ दगड झालेलं असलं तरी भेगेतून खाली जाता येतं, आणि खाली ओल असते. पाऊस पडला की उलटा कारभार. माती फुगते, भेगा बुजतात, पोकळ्यांत पाणी भरतं आणि गोम वर येते. न्हाणीत, गोठ्यात, उंबऱ्याशी ती पहिल्या पावसांतच का दिसते, त्याचं उत्तर यात आहे. आपण म्हणतो पावसानं गोमा 'झाल्या'. झालेल्या नसतात, घर बुडालं म्हणून बाहेर निघालेल्या असतात.

मुरमाड माळावर ती दगडाखाली, बांधावर पाल्याखाली सापडेल. शेणखत पडणाऱ्या, ओल धरणाऱ्या, फार न उलथलेल्या जमिनीत तिचं जमतं, कारण तिचं खाणं तिथं असतं. पिकाला तिचा काहीही त्रास नाही, मुळं ती खात नाही. आता एक अडचण सांगतो, नाहीतर गांडूळखतवाले मला धरतील. त्यांच्या वाफ्यात गोम म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस. तिथून तिला उचलून बाहेर टाकावंच लागतं. मी ती बांधावर नेऊन सोडतो, शेजारी हसतात.

दगड उचलला आणि गोम स्वतःभोवती वेटोळं घालून बसलेली दिसली, तर थोडं थांबून बघावं. वेटोळ्याच्या आत पांढुरक्या मोत्यांसारखी अंडी असू शकतात. नर-मादीचं मीलन आपल्याला वाटतं तसं होत नाही. नर बारीक धाग्यांची जाळी विणून त्यावर बीजाची थैली ठेवतो, मादी ती उचलून घेते. पुढचं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. अंड्यांभोवती गुंडाळून ती कित्येक आठवडे बसते. पिलं निघाली तरी लगेच सोडत नाही. पिलं बाहेर येतात तीही पायांचा पूर्ण आकडा घेऊनच. ४९ वाल्या जातीचं पिलू ४९ जोड्यांचंच, मोठेपणी एकही वाढत नाही.

यात बसण्याची दिशा मला फार आवडते. मेसिस्टोसेफॅलसच्या घरातली आई पोट आत घेऊन बसते, अंडी कुशीत. मातीतल्या गोमांची बाकीची घराणी नेमकी उलटी, पाठ अंड्यांकडं, पोट जगाकडं. बाकीच्यांच्या पोटाखाली चिकट, उग्र स्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. तेव्हा शत्रूकडं हत्यार रोखून बसायची ही तऱ्हा असावी, असा एक अंदाज आहे. कुठल्याही तऱ्हेची असो, फार छेडलं तर आई अंडी टाकून जाते, कधी खाऊनही टाकते. दगड होता तसा ठेवून द्यावा.

त्या स्रावाचंही नवल आहे. काही जातींचा स्राव अंधारात चमकतो. 'ऑर्फनियस ब्रेव्हिलॅबिएटस' ही उष्ण प्रदेशांतली गोम भारतातही आढळते. तिला डिवचलं की हिरवट उजेड तिच्या अंगावर आणि ती गेलेल्या वाटेवर उमटतो. स्वतःला डोळे नाहीत आणि दिवा मात्र लावते! दिवा दुसऱ्यांसाठी, 'मला खाऊ नको' म्हणायला.

अंधाराचा विषय निघालाच आहे तर, क्रोएशियातल्या गुहांमधून २०१५ मध्ये एक जात नोंदली गेली, तिचा एक नमुना जमिनीखाली सुमारे ११०० मीटरवर मिळाला. ग्रीकांच्या पाताळाच्या राजावरून तिचं नाव 'जिओफिलस हेडेसी'. आमच्या गावचं बोअर शेसव्वाशे मीटरवर कोरडं निघतं, तेव्हा एवढं खोल म्हणजे काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. गोमांचं कुळच जुनं. त्यांचे जीवाश्म सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचे मिळालेत. आपल्या पायाखालचा काळा दगड, ज्याची झीज होऊन ही काळी माती झाली, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे जमिनीची हकदार कोण, हे सातबाऱ्यावर न बघितलेलं बरं.

तर भाच्याचे ४८. तो दुसऱ्यांदा मोजून आला, तिसऱ्यांदा मोजून आला. ४८ म्हणजे ४८. "गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडत नाही म्हणतात. पडला असंल एखादा," काकूनं मध्येच तोंड घातलं. पण पाय पडला तर एका बाजूचा पडेल, जोडीची जोडी कशी जाईल?

मी फोटो बघितला. पोरानं एकेक जोडीवर बोटानं लाल ठिपका ठेवला होता, एकही सुटलेली नव्हती. मग त्याला विचारलं, डोकं कुठलं?

"तेच तर कळंना. मामा, हिला दोन्हीकडून मिशा हायेत."

एका टोकाला तांबूस डोकं आणि त्याला मिशा, त्या खऱ्या. दुसऱ्या टोकाला तशाच दोन, मागं लांबवलेल्या. ते शेवटचे पाय. गोम त्यांच्यावर चालत नाही. उलटं जाताना त्यांनी चाचपते, म्हणून ते भुईला न टेकता मिशांसारखे पसरलेले असतात. त्यानं मिशा समजून ती जोडी सोडली होती. त्यावर ठिपका ठेवायला सांगितला.

"४९," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "म्हंजे ९८. शंभराला दोन कमी."

तोवर ताटातली गोम कडेवरून उतरून शेणखताच्या ढिगात गेली होती. काकूचा पदर अजून कानावरच होता.